सहा व्होल्टची जावा आणि नववीचं धाराविद्युत



नववीच्या विज्ञानात ‘धाराविद्युत’ शिकवताना आपण फळ्यावर परिपथ काढतो. एक विद्युतघट, एक कळ, एक बल्ब आणि त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषा. त्या रेषा गंजत नाहीत, उंदीर त्या कुरतडत नाहीत, त्यांचे सांधे सैल होत नाहीत. मुलं आकृती छान काढतात, ओहमचा नियम पाठ म्हणतात, उदाहरणही सोडवतात. पण घरातली बॅटरी पेटेनाशी झाली की तीच मुलं ती दोनदा तळहातावर आपटतात आणि ठेवून देतात. पुस्तकातला नियम आणि हातातली बॅटरी यांचा काही संबंध आहे, हे त्यांच्या मनात येतच नाही.

मी रायगडच्या किनाऱ्यावर, मुरूडच्या बाजूच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. २०२२ ची दिवाळीची सुट्टी ते २०२३ चा एप्रिल, या काळात नववीच्या तीन मुलांबरोबर मी एका जुन्या मोटारसायकलचं संपूर्ण वायरिंग नव्याने केलं. त्यातून त्यांना आणि मला जे मिळालं ते इथे मांडते आहे. गाडी दुरुस्त करायला शिकवणं हा हेतू नाही. एक प्रकरण हाताने शिकलं की काय होतं, ते सांगायचं आहे.

गाडी कोणती, कुठली

गाडी माझ्या सासऱ्यांची. घरात सगळे त्यांना नाना म्हणत. नाना गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि गावोगाव फिरायचे. त्यासाठी त्यांनी १९७४ साली जुनी जावा २५० विकत घेतली.

आजच्या मुलांना जावा म्हणजे नवी चकचकीत गाडी माहीत आहे, म्हणून थोडा इतिहास सांगितला. ही मुळात चेकोस्लोव्हाकियाची गाडी. १९२९ साली यानेचेक नावाच्या कारखानदाराने वाँडरर या जर्मन कंपनीची मोटारसायकल बनवायला घेतली आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून ‘जावा’ झालं. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून या गाड्या निघू लागल्या. तो कारखाना इराणी कुटुंबाने उभारला होता. पुढे त्याच कारखान्याची ‘येझदी’ आली. हे नाव इराणमधल्या याझ्द शहरावरून. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. किक मारायचा आणि गिअर बदलायचा दांडा एकच, चावी खिळ्यासारखी, इंजिन टू-स्ट्रोक. मुलांना त्या दांड्याचं फार नवल वाटलं.

नाना २००९ मध्ये गेले. गाडी पडवीत उभी राहिली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर धडकलं. आमच्या भागात ते दिवस कुणी विसरलेलं नाही. नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले, कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. आमच्या पडवीचे पत्रे गाडीवर पडले. मग दोन पावसाळे ती ताडपत्रीखाली राहिली. भंगारवाला दोनदा येऊन विचारून गेला. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, दोन्ही वेळा “दिवाळीनंतर बघू” म्हणाल्या. घरात कुणी त्यांना ‘द्या’ही म्हणत नव्हतं आणि ‘ठेवा’ही म्हणत नव्हतं. इंजिन आणि कार्ब्युरेटर एका जाणत्या मिस्त्रींनी करून दिलं. वायरिंग बघून मात्र ते म्हणाले, “मॅडम, याला हात लावायला माझ्याकडे वेळ नाही. तुम्ही सायन्सच्या ना? तुम्हीच करा.”

खारी हवा आणि तांब्याची तार

पहिल्या रविवारी आम्ही एक वायर मध्येच कापली. वरून निळं आवरण शाबूत, आत तांबं काळं पडलेलं. टोकाला हिरवट पावडर. मुलांनी आणखी चार बोटं मागे कापलं, तरी काळं. त्याच्याही मागे कापलं तेव्हा कुठे लालसर तांबं दिसलं.

असं का होतं? वायरीत एक जाड तार नसते, बारीक तारांची जुडी असते. त्या तारांमधल्या फटीतून खारं पाणी आत सरकत जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. म्हणजे केशाकर्षण. पाणी टोकाशी शिरतं आणि नुकसान आत वीतभर लांब होतं. दहावीच्या ‘धातुविज्ञान’ प्रकरणात तांब्यावर चढणारा कार्बोनेटचा हिरवट थर येतो. समुद्राजवळ त्यात मिठातल्या क्लोराइडची भर पडते आणि हे काम जास्त वेगाने चालतं.

आई ओसरीवरून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, तसंच ना?” अगदी तसंच. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट ठेवलं की धातू त्यात उतरतो आणि ताक कळकतं. म्हणून आपल्या आज्या भांड्यांना कल्हई करून घ्यायच्या. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर.

आमच्या तिघांमधला एक मुलगा कोळीवाड्यातला. त्याचे काका बोटींचं वायरिंग करतात. तो म्हणाला, “बाई, बोटीला पांढरी तार घालतात. तांब्याची नसते.” दुसऱ्या दिवशी तुकडा घेऊनच आला. चाकूने खरवडल्यावर पांढऱ्याखाली लाल निघालं. तांब्याचीच तार होती, प्रत्येक बारीक तारेवर कथलाचा थर. कल्हई केलेली तार! पुस्तकातला ‘कल्हई करणे’ हा शब्द, आईंचं ताक आणि बोटीची वायर एका बाकावर येऊन बसले. गाडीला आम्ही तीच तार वापरली.

आधी वही, मग पक्कड

काम सुरू करण्याआधी एक नियम केला: वहीत नोंद झाल्याशिवाय एकही वायर सुटणार नाही. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना कागदी चिकटपट्टीचं लेबल, वहीत तिचा रंग, कुठून कुठे जाते आणि तिची अवस्था. पुढचा दिवा, मागचा दिवा, ब्रेकचा दिवा, हॉर्न, इग्निशन, चार्जिंग असे सहा परिपथ वेगळे केले. सगळं एकदम पाहिलं तर शेवयांचा गुंता. एकेक परिपथ पाहिला की तेच फळ्यावरचं चित्र: उगम, कळ, उपकरण, परतीची वाट. वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीकडे वही होती आणि तिने ती अशी ठेवली की आजही कुणीही त्या वहीवरून गाडी जोडू शकेल.

पुढच्या दिव्याच्या वाटीत एक सांधा निघाला. त्यावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली आणि तिच्याखाली कागदाची बारीक चिठ्ठी. निळ्या बॉलपेनने लिहिलेलं: ‘हॉर्न’. नानांचं अक्षर. मुलं थांबली. मीही थांबले. आत तांबं काळंठिक्कर होतं, सांधा ठेवण्यासारखा नव्हता. पण कापायचा कसा?

आईंना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “काढा तो. गाडी चालावी म्हणूनच त्यांनी लावला होता ना?” आणि घरात गेल्या.

सांधा कापला. चिठ्ठी वहीत चिकटवली, हॉर्नच्या पानावर. नव्या सांध्याला डाख दिला, म्हणजे सोल्डर केलं, आणि वर गरम करून आवळणारी नळी चढवली. पुढे असे नानांचे आणखी चार सांधे निघाले. प्रत्येक वेळी मुलं आधी आईंना दाखवायची आणि मग कापायची. हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

सहा व्होल्टचं गणित

ही गाडी सहा व्होल्टची. आजच्या गाड्या बारा व्होल्टच्या. फरक काय पडतो? इथे ओहमचा नियम कामाला लागतो.

पुढचा बल्ब ३५ वॅटचा. हिशोब सोपा पडावा म्हणून ३६ धरू. तापलेल्या फिलामेंटचा रोध थोडा बदलतो, तेही बाजूला ठेवू. सहा व्होल्टवर ३६ वॅट म्हणजे ६ अँपिअर विद्युतधारा आणि बल्बचा रोध १ ओहम. बारा व्होल्टवर तेवढ्याच वॅटला ३ अँपिअर आणि रोध ४ ओहम.

आता वाटेत एक गंजलेला सांधा आहे, त्याचा रोध फक्त ०.२ ओहम. सहा व्होल्टच्या गाडीत एकूण रोध १.२ ओहम झाला, धारा ५ अँपिअरवर आली, बल्बला पाचच व्होल्ट मिळाले आणि शक्ती ३६ वॅटवरून २५ वॅटवर घसरली. तोच सांधा बारा व्होल्टच्या गाडीत असता तर? एकूण रोध ४.२ ओहम, धारा सुमारे २.८६ अँपिअर, शक्ती सुमारे ३३ वॅट. एकाच सांध्याने एका गाडीत ३ वॅट खाल्ले आणि दुसऱ्या गाडीत ११. आणि बल्बचा उजेड वॅटपेक्षाही वेगाने पडतो.

“जुन्या जावाचा दिवा म्हणजे काजवा” असं लोक म्हणतात. थोडा दोष यंत्रणेचाही आहे. डायनॅमो ४५ वॅटचा, त्यातले ३५ पुढच्या दिव्याला, ५ मागच्याला, उरलेल्या पाचांत इग्निशन भागवायचं. हात इतका आखडता असल्यावर सांध्यात एक वॅटही सांडून चालत नाही.

इथेच एक घोटाळा झाला आणि त्याने सगळ्यांत जास्त शिकवलं. मल्टिमीटर लावला की पीप वाजायचा, म्हणजे वायर अखंड आहे. पण बल्ब लावला की पेटेना. मुलगी म्हणाली, बल्बच खराब आहे. बल्ब बॅटरीला थेट लावला, तर लख्ख पेटला. कोळीवाड्यातला मुलगा म्हणाला, “बाई, बोटीवर पण असंच होतं. मीटर हो म्हणतो, पंप नाही म्हणतो.”

कारण असं, की मीटर अगदी थोडी धारा सोडून पाहतो. जुडीतली एकच तार शिल्लक असली तरी तेवढी धारा जाते. बल्बला सहा अँपिअर लागतात, ते त्या एका तारेतून कसे जातील? म्हणून काकांच्या पद्धतीने आम्ही होल्डरला दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प केला आणि प्रत्येक वायर खऱ्या भाराखाली तपासली.

परतीची वाट

मागच्या दिव्याने तिसरं कोडं घातलं. जोडणी वहीप्रमाणे, तार नवी, बल्ब नवा. पेटत नाही. मुलीने तीनदा तपासलं. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं, कारण तिची आकृती बरोबर होती आणि आकृती बरोबर असली की मार्क मिळतात, हे तिला आजवर पक्कं ठाऊक होतं.

गाडीत बल्बपर्यंत एकच वायर येते. परतीची वायर नसते, गाडीची लोखंडी चासीच ते काम करते. आणि मागचा मडगार्ड आम्ही नुकताच रंगवून आणला होता. रंग विसंवाहक. वीज आली होती, पण तिला घरी परतायला रस्ता नव्हता. तिनेच ते शोधलं. बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरने घासला, चकचकीत लोखंड काढलं, बोल्ट आवळला आणि दिवा पेटला. नंतर आम्ही सगळ्या दिव्यांपासून बॅटरीपर्यंत परतीची स्वतंत्र वायरही टाकली, कारण खाऱ्या हवेत उघडं लोखंड किती दिवस उघडं राहणार?

या परतीच्या वाटेची एक गोष्ट आमच्याच जिल्ह्यात आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. १८७४ पासून मुंबईत घोड्यांच्या ट्राम होत्या, त्यांचा काही त्रास नव्हता. पुढे विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामला वीज वरच्या तारेतून मिळते आणि रुळांतून परत जाते. पण रूळ जमिनीला टेकलेले असल्याने काही वीज जमिनीतून भरकटते आणि जिथे धारा तिथे चुंबकीय क्षेत्र. कुलाब्याच्या नाजूक सुया त्याने बिघडल्या असत्या. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी जागा हलवायचं ठरवलं आणि १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा सुरू झाली, इमारतीत लोखंड न वापरता. काही काळ दोन्हीकडे सोबत नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या मालिकेला नवी नीट जोडता आली. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. अलिबागची वेधशाळा आजही नोंदी घेते आहे.

आमच्या मुलांनी तो फलक एसटीतून जाता-येता पाहिलेला होता. ती तिथे का आहे, हे त्यांना मागच्या दिव्यामुळे कळलं.

झोपलेला डायनॅमो

सगळं जोडलं, इंजिन सुरू झालं, तरी चार्जिंगचा लाल दिवा विझेना. डायनॅमो वीज बनवत नव्हता. कार्बन ब्रश घासले, कम्युटेटर साफ केला. तरी नाही.

डायनॅमोला वीज बनवायला चुंबकीय क्षेत्र लागतं आणि ते क्षेत्र तो स्वतःच्याच विजेतून बनवतो. मग पहिली वीज कुठून येते? आतल्या लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वातून. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या डायनॅमोत ते विरून जाऊ शकतं. उपाय सोपा: फील्डच्या वेटोळ्याला योग्य दिशेने बॅटरीचा क्षणभर स्पर्श. विरजण संपलं की शेजारून चमचाभर आणतो, तसं. हे काम मिस्त्रींसमोर केलं. पुन्हा किक मारली, गाडीचा वेग वाढवला आणि लाल दिवा विझला. दिवा विझला म्हणून टाळ्या वाजवणारी मुलं मी पहिल्यांदाच पाहिली.

आई अंगणात येऊन उभ्या होत्या. निळा धूर, तो आवाज. म्हणाल्या, “हॉर्न वाजवा.” हॉर्न वाजला. त्यानंतर भंगारवाल्याला उत्तर मिळालं आहे. गाडीची नोंदणी कधीच संपलेली आहे, कागदपत्रांचं काम बाकी आहे, तोवर ती अंगणाबाहेर नेत नाही.

एका आईचा प्रश्न

हे सगळ्यांत महत्त्वाचं. कामाच्या तिसऱ्या आठवड्यात त्या कोळी मुलाची आई शाळेत आली. मासळी विकून थेट आली होती. म्हणाली, “बाई, माझ्या पोराला गाडीच्या कामाला लावलंत. तो अभ्यासात कच्चा आहे म्हणून त्याला गॅरेजात पाठवायचं ठरवलंय का तुम्ही?”

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे हाताचं काम ‘कच्च्या’ मुलांच्या वाट्याला येतं आणि पुस्तक ‘हुशार’ मुलांच्या. पालक ते ओळखून असतात. मी त्यांना सांगितलं, “ताई, म्हणूनच तीन मुलं घेतली आहेत. वर्गात पहिली येणारी मुलगी पण त्याच्याबरोबर हात काळे करते. आणि तो तिच्या वहीतलं गणित सोडवतो. रविवारी येऊन बघा.” त्या आल्या. मुलगा तेव्हा ०.२ ओहमचं उदाहरण पाटीवर समजावून सांगत होता. त्या शेवटपर्यंत बसल्या आणि जाताना एवढंच म्हणाल्या, “दहावी मात्र झाली पाहिजे.”

दहावी झाली. मार्क फार नाहीत, पण विज्ञानात बरे आहेत. बीजगणित अजूनही त्याला नकोसं वाटतं. पुढे काय करायचं ते त्याने ठरवलेलं नाही, आणि मीही त्याच्यासाठी ते ठरवलेलं नाही.

वर्गात करून पाहण्यासारखं

जुनी गाडी सगळ्यांकडे नसते. सायकलचा डायनॅमो, जुनी बॅटरी, पडीक रेडिओ यांवरही हे जमतं.

१. एकाच बल्बला एकदा चांगल्या आणि एकदा गंजलेल्या वायरीतून जोडा. बल्बच्या टोकांमधलं विभवांतर दोन्ही वेळा मोजून तक्ता करा.

२. तांब्याच्या तारेचा तुकडा मिठाच्या पाण्यात बुडवून हवेत ठेवा, दुसरा साधाच ठेवा. महिनाभर दर आठवड्याला निरीक्षण लिहा.

३. सायकलच्या डायनॅमोच्या दिव्याला किती वायरी आहेत ते मोजायला सांगा. एकच असेल, तर दुसरी कुठे गेली?

४. घरातल्या मोठ्यांना विचारून कल्हई, डाख, कळकणं असे शब्द गोळा करा आणि पुस्तकातल्या संज्ञांशेजारी लिहा.

सुरक्षेबद्दल स्पष्ट सांगते. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेवर मुलांनी काहीही करायचं नाही. सहा व्होल्टने झटका बसत नाही, पण बॅटरी शॉर्ट झाली तर वायर लालभडक होते, म्हणून बॅटरीजवळ फ्यूज आधी, बाकी जोडणी नंतर. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं. बॅटरीत आम्ल असतं, तिला फक्त शिक्षकांनी हात लावायचा. पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवल्याशिवाय सोल्डरिंग नाही.

आणि मुलं निवडताना पहिल्या बाकावरची आणि शेवटच्या बाकावरची एकत्र घ्या. टेस्ट लॅम्प कुणाच्या हातात आणि वही कुणाच्या हातात, हे दर रविवारी बदला.